महाराष्ट्रातील क्रीडा मंडळांना स्थानिक स्वराज्य संस्थांचे साहाय्य

महाराष्ट्रातील महानगरपालिका, नगरपरिषदा, नगरपंचायती, जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायती आपल्या हद्दीतील तालमी, आखाडे, व्यायामशाळा, क्रीडा मंडळे आणि युवक मंडळे यांना जागा, बांधकाम, साहित्य, रोख अनुदान व सवलतींच्या स्वरूपात साहाय्य करतात. राज्यात २९ महानगरपालिका, ३४ जिल्हा परिषदा आणि सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. खेळांना उत्तेजन देणे हे यांपैकी बहुतेक संस्थांचे बंधनकारक कर्तव्य नाही. ते त्यांच्या विवेकाधीन कामांत मोडते. त्यामुळे साहाय्याचे प्रमाण संस्थेची आर्थिक स्थिती आणि स्थानिक लोकप्रतिनिधींची आस्था यांनुसार ठिकठिकाणी वेगवेगळे आढळते.

रोख अनुदानापेक्षा जागा हेच या साहाय्याचे सर्वांत महत्त्वाचे रूप आहे. मैदान किंवा व्यायामशाळेची इमारत नाममात्र भाड्याने मिळणे ही अनेक मंडळांच्या अस्तित्वाचीच अट असते. सार्वजनिक जागा कोणाला, किती काळासाठी आणि कोणत्या अटींवर द्यावी, हा या विषयातील मुख्य वादाचा मुद्दा राहिला आहे.

## पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील क्रीडा संस्थांची परंपरा तालमीपासून सुरू होते. पेशवाईच्या काळापासून पुण्यात आणि पुढे कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत पेठेपेठेत, गल्लीगल्लीत तालमी उभ्या राहिल्या. त्यांचा खर्च संस्थानिकांचा आश्रय, सावकारांच्या देणग्या आणि लोकवर्गणी यांतून चालत असे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. १९१२ मध्ये सुरू झालेले खासबाग कुस्ती मैदान ही त्या आश्रयाची ठळक खूण होय.

शहरांत इंग्रजी अमलाखाली जिमखान्यांची पद्धत आली. मुंबईत १८७५ मध्ये बॉम्बे जिमखान्याची स्थापना झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने मरीन लाइन्सच्या किनाऱ्यालगतच्या जमिनी पारशी, मुसलमान व हिंदू समाजांच्या जिमखान्यांना दिल्या. पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना स्थापन झाला. याच सुमारास राष्ट्रीय चळवळीच्या प्रेरणेने व्यायाम प्रसाराचे कार्य करणाऱ्या संस्थाही उदयास आल्या. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४), पुण्यातील महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) आणि दादर येथील समर्थ व्यायाम मंदिर (१९२५) ही त्यांतील काही प्रमुख नावे होत.

नगरसंस्थेने स्वतः मैदान विकसित करून ते लोकांसाठी खुले करण्याचे सुपरिचित उदाहरण म्हणजे दादरचे शिवाजी पार्क. मुंबई महानगरपालिकेने १९२५ मध्ये ते 'माहीम पार्क' या नावाने लोकांसाठी खुले केले. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. या मैदानाच्या कडेने व्यायाम मंदिर, जिमखाना व इतर संस्था वसल्या, तर मधला भाग सर्वांसाठी मोकळा राहिला. क्रिकेट आणि मल्लखांब या दोन्ही खेळांतील खेळाडूंच्या अनेक पिढ्या येथे घडल्या. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा याच ठिकाणी भरली.

स्वातंत्र्यानंतरही क्रीडा संस्थांचा खर्च प्रामुख्याने समाजच उचलत होता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव यांच्या प्रवासाचा खर्च मोठ्या प्रमाणात लोकवर्गणी आणि उसनवारी यांतून उभा राहिला होता.

## कायदेशीर चौकट

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत 'क्रीडा' (नोंद ३३) आणि 'स्थानिक शासन' (नोंद ५) हे दोन्ही विषय आहेत. त्यामुळे स्थानिक संस्थांनी खेळांसाठी काय करावे, हे मुख्यतः राज्याच्या कायद्यांनी ठरते.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत. उद्याने, बागा आणि खेळाची मैदाने यांसारख्या नागरी सुविधा पुरवणे हा त्यांपैकी एक आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायत राज संस्थांसाठी जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय असून त्यांत खेळांचा स्वतंत्र उल्लेख नाही. तेथे ग्रंथालये, सांस्कृतिक कार्य आणि सामुदायिक मालमत्तेची देखभाल या नोंदी आढळतात.

राज्यातील प्रमुख कायद्यांतील तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

- मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ : या दोन्ही कायद्यांत महानगरपालिकेची कर्तव्ये बंधनकारक आणि विवेकाधीन अशा दोन गटांत विभागलेली आहेत. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, रस्ते व दिवाबत्ती ही बंधनकारक, तर उद्याने व खेळाची मैदाने विवेकाधीन गटात येतात.
- महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ : लहान व मध्यम शहरांच्या नागरी संस्थांना हा कायदा लागू आहे.
- महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ : ग्रामपंचायतीच्या कामांच्या अनुसूचीत आखाडे, क्लब तसेच करमणुकीची व खेळांची इतर ठिकाणे स्थापन करून सुस्थितीत राखणे या कामाचा थेट उल्लेख आहे.
- महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ : शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानांसाठी भूखंड आरक्षित करण्याची व्यवस्था या कायद्याने केली आहे.

'विवेकाधीन' या शब्दाचा व्यावहारिक परिणाम अंदाजपत्रकात दिसतो. जिल्हा परिषदेच्या स्व-उत्पन्नातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी आणि १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावी लागते. खेळांसाठी असा राखीव वाटा ठरलेला नाही. उत्पन्न घटल्यास सर्वप्रथम कात्री लागते ती अशाच कामांना. मात्र राखीव निधीचा उपयोग कधीकधी खेळांनाही होतो. मुलींना ज्युदो व कराटेचे प्रशिक्षण देण्याच्या अनेक जिल्हा परिषदांच्या योजना महिला व बालकल्याणाच्या रकमेतून चालतात.

## साहाय्याचे प्रकार

### जागा

स्थानिक संस्था क्रीडा मंडळांना जागा साधारणपणे तीन पद्धतींनी देतात. पहिल्या पद्धतीत भूखंड किंवा इमारत दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली जाते. दुसऱ्या पद्धतीत मालकी व ताबा स्थानिक संस्थेकडेच राहतो आणि मंडळाकडे केवळ देखभाल व संचालन सोपवले जाते. महापालिकांनी बांधलेल्या अनेक व्यायामशाळा याच पद्धतीने स्थानिक मंडळे चालवतात. तिसऱ्या पद्धतीत मैदान सर्वांसाठी खुले असते आणि मंडळाला ठरावीक वेळी सरावाची किंवा स्पर्धेच्या काळात वापराची परवानगी मिळते. कबड्डी आणि खो-खोची बहुसंख्य लहान मंडळे या तिसऱ्या गटात मोडतात.

या तीन पद्धतींतील फरक मंडळाच्या दृष्टीने मोठा आहे. भाडेपट्टा असलेली संस्था कर्ज, देणग्या व सरकारी अनुदान मिळवून कायम स्वरूपाचे बांधकाम करू शकते. केवळ वापराच्या परवानगीवर चालणाऱ्या मंडळाला साधी साहित्याची खोली बांधणेही शक्य होत नाही.

### बांधकाम व साहित्य

मैदानाचे सपाटीकरण, कुंपण, प्रेक्षकांसाठी पायऱ्या, प्रकाशझोत, स्वच्छतागृह आणि व्यायामशाळेची इमारत ही कामे स्थानिक संस्था स्वतःच्या बांधकाम विभागामार्फत करतात. साहित्यात कुस्ती व कबड्डीच्या मॅट, मल्लखांब आणि व्यायामाची यंत्रे यांचा समावेश असतो. कुस्ती व कबड्डीच्या अधिकृत स्पर्धा मातीऐवजी मॅटवर होऊ लागल्यापासून मॅटची गरज वाढली. ती घेण्याची ऐपत नसलेल्या मंडळांच्या खेळाडूंना मातीवर सराव करून स्पर्धेत मात्र मॅटवर उतरावे लागते.

उद्यानांत बसवलेल्या खुल्या व्यायामशाळा (ओपन जिम) हा अलीकडच्या काळात रूढ झालेला प्रकार आहे. त्यांचा लाभ थेट नागरिकांना होतो; त्यात क्रीडा मंडळाची भूमिका नसते.

### रोख साहाय्य आणि स्पर्धा

महापौर चषक किंवा नगराध्यक्ष चषक या नावाने स्थानिक संस्था स्पर्धा भरवतात. त्यांचे तांत्रिक संयोजन बहुधा त्या त्या खेळाच्या जिल्हा संघटनेकडे असते आणि मैदान, मंडप व बक्षिसे यांचा खर्च स्थानिक संस्था करते. ठाणे महानगरपालिकेची वर्षा मॅरेथॉन ही या प्रकारची परिचित स्पर्धा होय. काही महानगरपालिका राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय पातळीवर यश मिळवणाऱ्या स्थानिक खेळाडूंना शिष्यवृत्ती किंवा गौरवनिधी देतात. मंडळाच्या रोजच्या खर्चासाठी, म्हणजे प्रशिक्षकाचे मानधन, वीजबिल वा खेळाडूंचा खुराक यांसाठी, नियमित रोख अनुदान मिळणे तुलनेने दुर्मीळ आहे.

### कर व शुल्कातील सवलती

१९४९ च्या अधिनियमानुसार केवळ सार्वजनिक उपासनेसाठी किंवा सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या मिळकतींना सर्वसाधारण कराच्या आकारणीतून वगळता येते. क्रीडा संस्थेची वास्तू या व्याख्येत बसते की नाही, हे तिचा प्रत्यक्ष वापर कसा होतो यावर ठरते. सभागृह लग्नसमारंभासाठी भाड्याने दिल्यास किंवा उपाहारगृह चालवल्यास सवलतीचा दावा दुबळा होतो. वास्तविक, याच उत्पन्नावर अनेक मंडळे आपला क्रीडाविषयक खर्च भागवतात.

## निधीचे स्रोत

स्थानिक संस्थेचा स्वतःचा निधी हा साहाय्याचा पहिला स्रोत आहे. महानगरपालिकांत मालमत्ता कर, विकास शुल्क आणि पूर्वी जकात हे उत्पन्नाचे मुख्य मार्ग होते. जकातीची जागा बहुतेक शहरांत स्थानिक संस्था कराने आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या नुकसानभरपाईने घेतली. यामुळे उत्पन्नाचा मोठा भाग राज्य शासनाकडून येणाऱ्या रकमेवर अवलंबून राहू लागला. प्रभागातील लहान कामांसाठी नगरसेवकांच्या शिफारशीने खर्च होणारी तरतूद व्यायामशाळांना उपयुक्त ठरत असे. २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर यांसह अनेक महानगरपालिकांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांकडे राहिला आणि शिफारशीचा हा मार्ग त्या काळात खंडित झाला.

दुसरा स्रोत जिल्हा वार्षिक योजनेचा आहे. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती या योजनेतून व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास या अनुदान योजनांना रक्कम देते. या योजना राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या आहेत आणि त्यांची अंमलबजावणी जिल्हा क्रीडा अधिकारी करतात. त्यांचा लाभ स्थानिक संस्था, शाळा व नोंदणीकृत मंडळे यांना घेता येतो. विभागीय, जिल्हा व तालुका क्रीडा संकुले हीदेखील राज्याची योजना असून ती स्थानिक संस्थांच्या मैदानांपासून वेगळी आहे.

याशिवाय आमदार स्थानिक विकास कार्यक्रम आणि १९९३ मध्ये सुरू झालेली खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना यांतूनही कामे होतात. या निधीतून टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता निर्माण करणे अपेक्षित असल्याने इमारत उभी राहते, परंतु ती चालवण्याच्या खर्चाची सोय त्यात नसते.

केंद्र सरकारने २००८-०९ मध्ये 'पंचायत युवा क्रीडा और खेल अभियान' (पायका) सुरू केले होते. प्रत्येक ग्रामपंचायतीत खेळाचे मैदान तयार करणे आणि ते चालवण्यासाठी 'क्रीडाश्री' नावाचा मानधनावरील स्वयंसेवक नेमणे ही त्याची मुख्य कल्पना होती. पुढे या अभियानाची जागा प्रथम राजीव गांधी खेल अभियानाने आणि नंतर 'खेलो इंडिया'ने घेतली. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेतील अनुज्ञेय कामांच्या यादीतही खेळाच्या मैदानांचा समावेश करण्यात आला होता.

## पात्रता आणि कार्यपद्धती

सरकारी साहाय्य घेणारे मंडळ सामान्यतः संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली नोंदलेले असावे लागते. अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्र, घटना, लेखापरीक्षित जमाखर्च, कार्यकारिणीचा ठराव आणि जागेची कागदपत्रे मागितली जातात. बांधकामासाठी नकाशा व अंदाजपत्रक जोडावे लागते. रक्कम खर्च झाल्यावर विनियोग प्रमाणपत्र सादर करावे लागते. ते न दिल्यास पुढील साहाय्य अडते.

यांपैकी जागेची अट सर्वांत कठीण ठरते. व्यायामशाळेच्या अनुदानासाठी जागेची मालकी किंवा दीर्घ मुदतीचा करार दाखवावा लागतो. जागा नसलेले मंडळ त्यामुळे अनुदानास अपात्र ठरते, आणि अनुदान नसल्याने त्याला जागाही घेता येत नाही. परिणामी जुन्या, जागा मिळालेल्या संस्थांकडेच साहाय्याचा ओघ राहतो, तर झोपडपट्ट्या, चाळी व नव्या उपनगरांतील मंडळे त्यापासून दूर राहतात.

महानगरपालिकेची जागा भाडेपट्ट्याने देताना १९४९ च्या अधिनियमातील कलम ७९ महत्त्वाचे ठरते. या कलमानुसार मिळकतीचा मोबदला प्रचलित बाजारमूल्यापेक्षा कमी असू नये. सार्वजनिक मालमत्तेची कवडीमोल भावाने विल्हेवाट लागू नये हा त्याचा हेतू आहे. परंतु बाजारभावाचे भाडे वर्गणीवर चालणाऱ्या आखाड्याला परवडण्यासारखे नसते. त्यामुळे जुन्या करारांची मुदत संपल्यावर नूतनीकरणाचे प्रश्न उभे राहतात.

## ग्रामीण भागातील स्थिती

ग्रामीण भागात मैदानाची गरज बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेचे पटांगण, गायरान किंवा गावठाणातील मोकळी जागा यांवर भागते. तालमीची इमारत अनेकदा ग्रामपंचायतीच्या मालकीची असते आणि तिची व्यवस्था गावातील वस्ताद व तरुण मंडळ पाहतात. 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमाखाली ग्रामपंचायत जो विकास आराखडा बनवते, त्यात व्यायामशाळा किंवा मैदानाचे काम ग्रामसभेच्या मान्यतेने घेता येते. वित्त आयोगाच्या निधीपैकी पाणी व स्वच्छतेसाठी बांधील असलेला भाग वगळून उरलेल्या अबंधित भागातूनच अशा कामांना वाव मिळतो.

गावच्या जत्रेतील कुस्त्यांचा फड हा ग्रामीण क्रीडाजीवनाचा मोठा आधार आहे. त्याचा खर्च ग्रामपंचायतीऐवजी यात्रा समिती लोकवर्गणीतून करते आणि मल्लांना इनाम देते. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक पैलवानांचा खुराकाचा खर्च या इनामांवर चालतो. कोरोना साथीमुळे २०२० आणि २०२१ मध्ये जत्रा बंद राहिल्या, तेव्हा त्यांचे हे उत्पन्न थांबले.

## काही उदाहरणे

मुंबई : महानगरपालिकेचे अंधेरी येथील शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आणि मुलुंड येथील क्रीडा संकुल यांचे संचालन बृहन्मुंबई ललितकला व क्रीडा प्रतिष्ठानमार्फत होते. महानगरपालिकेची मालकी आणि स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे कारभार असे या व्यवस्थेचे स्वरूप आहे.

कोल्हापूर : येथील तालीम संस्थांनी कुस्तीबरोबर फुटबॉलही जोपासला. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ आणि बालगोपाल तालीम मंडळ यांचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात. तालमींना पेठांतील रहिवाशांचा आर्थिक आधार असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये महानगरपालिकेच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला लागलेल्या आगीत लगतच्या खासबाग मैदानाच्या व्यासपीठाचीही हानी झाली. त्यानंतर ऐतिहासिक क्रीडावास्तूंच्या देखभालीचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

पिंपरी-चिंचवड : औद्योगिक उत्पन्नामुळे सधन असलेल्या या महानगरपालिकेने नेहरूनगर येथे कृत्रिम हिरवळीचे हॉकी मैदान उभारले. डिसेंबर २०२१ मध्ये वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय हॉकी स्पर्धा तेथे झाली.

ठाणे : दादोजी कोंडदेव क्रीडागृह महानगरपालिकेच्या मालकीचे आहे.

## वाद आणि टीका

सार्वजनिक प्रवेश : दत्तक किंवा देखभाल तत्त्वावर दिलेल्या मोकळ्या जागांवर बंदिस्त क्लब उभे राहून सामान्यांना प्रवेश नाकारला जातो, अशी तक्रार मुंबईत वारंवार झाली. जानेवारी २०१६ मध्ये महानगरपालिकेने मोकळ्या जागांविषयीचे नवे धोरण मंजूर केले. नागरिक संघटनांच्या विरोधानंतर तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली आणि संस्थांना दिलेले भूखंड परत घेण्यास सांगितले. धोरणाच्या समर्थकांचे म्हणणे असे होते की, देखभालीला संस्था नसल्यास भूखंडांवर अतिक्रमणे होतात. विरोधकांच्या मते देखभालीच्या नावाखाली सार्वजनिक जमिनीचे खासगीकरण होत होते.

आरक्षणे रद्द होणे : विकास आराखड्यात मैदानासाठी राखलेली जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर जमीनमालक १९६६ च्या अधिनियमातील कलम १२७ खाली सूचना देऊ शकतो. त्यानंतरच्या ठरावीक मुदतीतही संपादनाची कार्यवाही न झाल्यास आरक्षण रद्द झाल्याचे मानले जाते. निधीअभावी संपादन रखडल्याने कागदावरील मैदाने अशा रीतीने नाहीशी होतात.

मैदानांचा अन्य वापर : सभा, प्रदर्शने, मेळावे व विवाहसमारंभ यांसाठी मैदाने भाड्याने दिल्याने सरावात खंड पडतो आणि मंडपाच्या खड्ड्यांमुळे जमीन खराब होते. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्र असल्याचे ठरवल्यानंतर तेथील कार्यक्रमांवर मर्यादा आल्या.

देखभाल : इमारत बांधण्यासाठी निधी मिळतो, पण प्रशिक्षक, सफाई व दुरुस्ती यांसाठी मिळत नाही. त्यामुळे उद्घाटनानंतर काही वर्षांतच बंद पडलेल्या व्यायामशाळा शहरांत आणि गावांतही आढळतात.

महिलांचा सहभाग : तालीम ही परंपरेने पुरुषांची जागा राहिली आहे. स्वतंत्र वेळ, कपडे बदलण्याची खोली व स्वच्छतागृह नसल्यास साहाय्य मिळालेल्या वास्तूचा मुलींना उपयोग होत नाही. खो-खो, कबड्डी, मल्लखांब व कुस्ती या खेळांत मुलींची संख्या वाढल्याने या सोयींची मागणी होऊ लागली आहे.

## न्यायालयीन निर्णय

- बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा (१९९१) : उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देणे सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवले. मोकळ्या जागांचे रक्षण हा नागरिकांच्या हिताचा विषय असून त्यासाठी रहिवाशांना दाद मागता येते, असे न्यायालयाने मानले.
- अखिल भारतीय उपभोक्ता काँग्रेस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२०११) : सार्वजनिक जमीन जाहिरात न देता, केवळ अर्जाच्या आधारे एखाद्या संस्थेला देणे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचा निर्वाळा देण्यात आला.
- थलप्पलम सहकारी बँक विरुद्ध केरळ राज्य (२०१३) : एखादी संस्था माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली केव्हा येते, याचा निकष स्पष्ट झाला. किरकोळ अनुदानाने नव्हे, तर शासनाकडून मिळणाऱ्या भरीव अर्थसाहाय्याने संस्था 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरते.

## इतर देशांतील पद्धती

खेळांचे साहाय्य ऐच्छिक असण्याची पद्धत केवळ भारतातच नाही. इंग्लंडमध्ये १९७६ च्या स्थानिक शासनविषयक कायद्याने परिषदांना क्रीडासुविधा उभारण्याचा व स्वयंसेवी क्लबांना अनुदान देण्याचा अधिकार दिला, परंतु तसे करण्याची सक्ती केली नाही. तेथे नोंदणीकृत हौशी सामुदायिक क्लबांना वास्तूवरील स्थानिक करात ८० टक्के सूट कायद्यानेच मिळते. जर्मनीतही क्रीडासाहाय्य हे नगरपालिकांचे ऐच्छिक काम समजले जाते. मात्र बर्लिनसारख्या ठिकाणी मान्यताप्राप्त क्लबांना सार्वजनिक क्रीडासुविधा विनामूल्य वापरू देण्याची तरतूद कायद्यात आहे. रोख रकमेऐवजी सूट किंवा जागेचा वापर यांचा हक्क देणे, हे या दोन्ही पद्धतींचे वैशिष्ट्य आहे.

## हेही पाहा

- स्थानिक स्वराज्य संस्था
- ७४ वी घटनादुरुस्ती
- शिवाजी पार्क
- खासबाग मैदान
- मल्लखांब
- तालीम